सर, हात बाटला!

हिरेमठ अक्कांचं पहिलं दर्शन मला फक्त डोळ्यांपुरतं झालं. डोळे सोडले तर ऑपरेशन थिएटरच्या या सिस्टर हिरवी टोपी, हिरवा मास्क आणि पायघोळ गाऊन यांत गुंडाळलेल्या होत्या. साल पंच्याण्णव असेल. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सर्जरीची हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणून नुकतीच लागले होते. मलकापूरच्या मास्तरांची मुलगी, हातात एमबीबीएसची नवीकोरी पदवी. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुऊन, पुस्तकातल्या चित्रासारखे ते वर धरून मी आत शिरले. त्या दोन डोळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"परत."

"सिस्टर, पाच मिनिटं धुतलेत."

"घड्याळ माझ्याकडं हाय, डॉक्टर. तीन मिन्टं झाली. परत."

परत धुऊन आले. "नखं ऱ्हायली," डोळे म्हणाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते जरा हसल्यासारखे वाटले. माझ्या गाऊनचे बंद मागून बांधताना त्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "टेबलापाशी कोपरं बाहेर काढून हुबं ऱ्हायाचं. पुस्तकात हे नसतंय. मी सांगतो म्हणून ऐकायचं."

कोपरं बाहेर कशाला, ते मला अर्ध्या तासात कळलं.

आमच्या मुख्य सर्जनना सगळे मोठे सर म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नावानं ओळखावं असं त्यांच्यात काही वेगळं नव्हतं. तसले सर मी नंतर दोन-तीन गावांत पाहिले. पण सरांचा हात मोठा गुणी होता, हे कबूल करायलाच हवं. पार चंदगडपासून माणसं त्यांच्याकडे यायची. बोलणं मधाळ, कपाळाला गंध, आणि दर गुरुवारी वॉर्डात पेढे. फक्त ऑपरेशनच्या टेबलापाशी शेजारी बाई उभी असली, की सरांना जागा कमी पडायची. ते सरकायचे. आधी खांदा लागायचा, मग "जरा नीट धर गं" म्हणत हात मागून यायचा.

आणि थिएटरमध्ये बाईची अडचण अशी, की तिचे दोन्ही हात निर्जंतुक असतात. त्या हातांनी तिला घाम पुसता येत नाही, मास्क सारखा करता येत नाही आणि कुणाला ढकलताही येत नाही. पुढ्यात जिवंत माणसाचं पोट उघडं असतं. हलणार कुठे?

त्या दिवशी हर्निया होता. जखम उघडी ठेवायचा आकडा दोन्ही हातांनी धरून मी उभी होते. माझ्या कमरेवर हात आला. मी दगड झाले. आणि तेवढ्यात महाद्वार रोडला ऐकू जाईल असा अक्कांचा आवाज आला.

"सर, हात बाटला!"

सरांनी मान वर केली. "काय?"

"उजवा हात, सर. डॉक्टरांच्या गाऊनला मागनं लागला. गाऊनची मागची बाजू निर्जंतुक धरत न्हाईत. ग्लोव्ह, गाऊन, समदं बदलायला लागंल. हात धुऊन या."

"कुठं लागला? काही लागला नाही."

"लागला की! मी बघितला. पेशंटला उद्या पू झाला तर तुमचं नाव खराब हुतंय. माझं काय, मी पडलो सिस्टर."

पडद्यामागे भूल देणारे म्हातारे डॉक्टर होते, त्यांना एकदम खोकला लागला. सर गेले, हात धुऊन आले, नवा गाऊन घातला. दहा मिनिटांनी परत तेच. "सर, हात बाटला. या वक्ताला डावा." सर पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा आले ते मुकाट्यानं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. उरलेला हर्निया त्यांनी तिथूनच शिवला, आणि सुरेख शिवला.

अक्का खोटं काहीच बोलत नव्हत्या. गाऊनची पाठ निर्जंतुक धरत नाहीत हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे. त्या बाकीच्या गोष्टीबद्दल त्यांनी सरांपुढे कधी अवाक्षर काढलं नाही. सरांचा मान कधी मोडला नाही, नेहमी अहो-जाहो, आणि हात धुवायला जाताना दारही स्वतः उघडून धरायच्या. पण तो शब्द हॉस्पिटलभर झाला. सर कॅन्टीनमध्ये शिरले की एखादी आया भांडी विसळता विसळता दुसरीला म्हणायची, "बाई, कपबशी सांभाळ, बाटंल."

अक्का मूळच्या गडहिंग्लजजवळच्या खेड्यातल्या. घरात कानडी, बाहेर तिकडच्या बायकांची 'मी करतो, मी जातो'वाली मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची डबी, तिच्यात लिंगायतांचं इष्टलिंग. थिएटरात शिरताना ती डबी पोलक्यात सारून वर सेफ्टी पिन लावायच्या. यजमान तिकडे साखर कारखान्यात कारकून होते, शनिवारी यायचे आणि रविवारी दिवसभर भाजी निवडत बसायचे. मूल नाही याचं दोघांनाही दुःख असेलही, पण ते सांगायला अक्कांना सवड नव्हती. शिवाजी पेठेत त्यांच्या दोन खोल्या होत्या. फुटबॉलच्या सामन्यादिवशी त्या गल्लीत कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, तेवढ्या एका दिवशी अक्का घरी कमी बोलायच्या असं यजमान सांगत.

बरोबरीच्या नर्सना त्या 'अक्का' म्हणू द्यायच्या आणि लहान पोरींना 'तंगी' म्हणून हाक मारायच्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. वॉर्डात अशा वीस-बावीस तंग्या होत्या. ऑपरेशनच्या हत्यारांची इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ होती, पण नव्या पोरींना शिकवताना त्या आपल्या भाषेत शिकवायच्या: हे फावडं, हा थोरला चिमटा, ही बगळ्याची चोच. एकदा बाहेरून आलेल्या सर्जननं भर ऑपरेशनात इंग्रजीतून काहीतरी मागितलं, पोरगी गोंधळली, तर अक्का कोपऱ्यातून ओरडल्या, "तंगी, बगळा दे त्यास्नी!" पाहुणे सर्जन जाताना विचारून गेले, की ही कुठल्या कंपनीची हत्यारं.

दुपारी एकला त्या डबा उघडायच्या. भाकरी, झुणका आणि चार हिरव्या मिरच्या. मिरची दाताखाली चावताना डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता बोला, कुणाचं काय?" तेवढा अर्धा तास सगळ्या तंग्यांचं गाऱ्हाणं ऐकायचा. सासू, रजा, पाळी, पाठदुखी. आणि सर.

सरांची केबिन पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात होती. तिथे ते केसपेपर घेऊन एकेका नर्सला बोलवायचे. 'एकेका' यावर त्यांचा भर असे, आणि आत गेल्यावर "दार लाव गं, वारा येतोय" म्हणायचे. मी लागले त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर एका सकाळी सर आले तर केबिनला दार नव्हतं. नुसती चौकट.

"दार कुठाय?"

"वाळवी, सर," अक्का हळहळल्या. "खालनं पार खाल्लं हुतं. अंगावर पडलं असतं तुमच्या. मिस्त्रीकडं पाठवलंय."

मिस्त्री महादू हा अक्कांच्याच गल्लीतला. त्यानं ते दार असं काही मन लावून दुरुस्त करायला घेतलं की दिवाळी गेली, संक्रांत गेली. सर विचारायचे, अक्का महादूला निरोप धाडायच्या, महादू सांगायचा, सागवान चांगलं मिळंना झालंय. शेवटी सरांनी पडदा तरी लावा म्हणून कार्यालयात अर्ज दिला. पडद्याचं कापड अक्कांच्या सहीनं निघायचं. पडदा आला, पण तो गुडघ्यापर्यंतच पोचला. खालून सरांचे बूट आणि आत गेलेल्या नर्सच्या चपला, दोन्ही साऱ्या कॉरिडॉरला दिसायच्या. त्यांच्यातलं अंतरसुद्धा दिसायचं.

"कापड कमी पडलं, सर," अक्का म्हणाल्या. "सरकारी मापाचं हाय ते."

आमचं हॉस्पिटल सरकारी नव्हतं, हे सरांच्या लक्षात यायला आठवडा लागला असावा.

हे सगळं आम्ही हसत हसत एकमेकींना सांगायचो. हसण्यामुळे ती गोष्ट लहान झाल्यासारखी वाटायची. ती लहान नव्हती, हे सुनंदामुळे कळलं.

सुनंदा ही कोडोलीच्या शेतकरी घरातली पोरगी, थिएटरमधली स्टाफ नर्स. मितभाषी, कामाला चोख, आणि त्या उन्हाळ्यात लग्न ठरलेली. तेव्हा मी हाऊसमनशिप संपवून तिथेच सहायक डॉक्टर झाले होते. एका दुपारी ऑपरेशनं आटोपल्यावर मी निर्जंतुक सामानाच्या खोलीवरून चालले होते. दार अर्धवट उघडं होतं. आत सरांनी सुनंदाचं मनगट धरलं होतं, आणि ती "सर, सोडा. सर, सोडा," एवढंच म्हणत होती. तिच्या दुसऱ्या हातात कापसाच्या बोळ्यांनी भरलेला स्टीलचा ड्रम होता. माझी पावलं थांबली. मग, सांगायला लाज वाटते, ती पुढे निघाली. चार पावलं गेले असेन, तर मागे मोठा आवाज झाला आणि सर ओरडले. सुनंदानं ड्रम सोडून दिला होता. तो थेट सरांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

सर आठ दिवस लंगडत होते. पायाला त्यांनीच बांधलेली पट्टी होती. बांधायला एकही नर्स मिळाली नाही, प्रत्येकीला नेमकं तेव्हाच काम निघालं. पण नवव्या दिवशी सुनंदाच्या हातात कागद पडला. तिनं हलगर्जीपणानं निर्जंतुक सामान बाटवलं, वरिष्ठांशी उद्धटपणा केला, तिला कामावरून का काढू नये, याची चौकशी विश्वस्तांपुढे होणार.

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण लग्न ठरलेल्या पोरीला हॉस्पिटलातून काढलं, ते का, याचं उत्तर कोडोलीतल्या प्रत्येक घरानं आपापल्या परीनं तयार केलं असतं. सुनंदाचा भाऊ दुसऱ्याच दिवशी तालमीतले पाच-सहा गडी घेऊन हॉस्पिटलच्या दारात आला. अक्का बाहेर गेल्या.

"कुणाकडं आलासा, पावणं?"

"त्या डॉक्टरकडं. हाडं मोजायची हाईत त्याची."

"मोज की. पर त्याला मारलास की तो पेशंट हुतोय. मग त्याची पट्टी आमास्नीच करायला लागतीया, आन् तुझी भन बदनाम हुतीया ती येगळीच. जा, गाडीवर च्या घ्या समद्यांनी. हितलं मी बघतो."

गडी चहा पिऊन परत गेले.

चौकशीच्या आदल्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. "त्या दुपारी तुमी कॉरिडॉरमधनं गेलतासा न्हवं?"

"हो."

"मग?"

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला जागा मिळायची होती आणि त्यासाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं. मी अक्कांना ते सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं. "बघू," मी म्हणाले.

"बघा," अक्का म्हणाल्या आणि गेल्या. आग्रह नाही, उपदेश नाही.

चौकशी मीटिंगच्या हॉलमध्ये दुपारी झाली. ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब मध्यभागी. ते गुळाचे व्यापारी, माणूस भला, पण 'डॉक्टर' या शब्दापुढे वाकणारा. दोन विश्वस्त, कार्यालयाचे अधीक्षक, टिपण घ्यायला टंकलेखक बाई, एका बाजूला सर, समोर सुनंदा, अक्का आणि मी. सरांनी तक्रार फार दुःखानं सांगितली. मुलीसारखी मुलगी, पण शिस्त म्हणून काही आहे की नाही. मग आप्पासाहेबांनी मला विचारलं, की तुम्ही जवळपास होतात म्हणे, काही पाहिलंत?

"मी घाईत होते," मी म्हणाले. "नीट पाहिलं नाही."

सुनंदानं खाली बघितलं. अक्कांनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून तपकिरी कापडाच्या बांधणीचं एक लांबडं रजिस्टर काढलं आणि आप्पासाहेबांपुढे सरकवलं.

"हे काय, सिस्टर?"

"निर्जंतुकतेचं रजिस्टर, आप्पासाहेब. सामान कोण बाटवतंय याची चौकशी चाललीया न्हवं? मग समदंच बघा की. थेटरात कवा काय बाटलं, ते मी लिवून ठेवतो. सहा वर्सांचं हाय."

आप्पासाहेबांनी चष्मा लावला. गुळाच्या सौद्यात भाव पुकारायची सवय असलेला तो आवाज होता, त्यांना हळू वाचताच येत नसे.

"'अपेंडिक्स. सरांचा उजवा हात, सहायकाच्या कमरेस. सरांनी पुन्हा हात धुतले.' बरं. 'हर्निया. सरांचा उजवा हात, सहायकाच्या कमरेस. पुन्हा धुतले. त्याच केसला, डावा हात, पाठीस. पुन्हा धुतले.' हां. 'पित्ताशय. सरांचा डावा हात, सिस्टरच्या...'" आप्पासाहेब थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "हे कुठं म्हणून लिवलंय?"

"वाचा की. मराठीतच हाय."

आप्पासाहेबांनी ते वाचलं नाही. पान उलटलं. पुढचंही तसंच होतं, त्याच्या पुढचंही. त्यांचा आवाज उतरत उतरत पुटपुटण्यावर आला आणि मग नुसते ओठ हलायला लागले. एका विश्वस्तानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

सर उठून उभे राहिले. "हे सगळं हिनं मागाहून लिहिलंय. बनावट आहे."

"खाली सही कुणाची हाय, सर?" अक्का म्हणाल्या, आणि इतक्या नम्रपणे की जणू रस्ता विचारत होत्या.

प्रत्येक पानाखाली सरांची सही होती. लांब शेपटीची, खाली दोन टिंबांची. दर शनिवारी सरांपुढे कागदांची चळत जायची, आणि सर फोनवर बोलत बोलत सह्या ठोकायचे.

"मी दर शनवारी म्होरं ठेवत हुतो की. तुमीच म्हणायचासा, सिस्टर, कुठं करू सही? मी बोट ठेवायचो, तुमी करायचासा."

सर बसले.

आप्पासाहेबांनी पुन्हा रजिस्टर चाळलं. "ह्यात नुसतं सहायक, सिस्टर, असं लिवलंय. नावं कुणाची?"

"नावं मी लिवलेली न्हाईत, आप्पासाहेब. तारखा हाईत, तुमी शोधून काडशीला. पर शोधू नका. जिचं तिला सांगावं वाटलं तर ती सांगंल. मी सांगणार न्हाय."

मी माझ्या हातांकडे बघत होते. पहिल्या दिवशी अक्कांनी तीनदा धुवायला लावलेले ते हात.

"मी," मी म्हणाले. वर्गात हजेरी द्यावी तसा बारीक आवाज निघाला. "हर्नियाचं पान माझं आहे. आणखीही आहेत. आणि सरांनी सुनंदाचं मनगट धरलेलं मी पाहिलं. मघाशी मी खोटं बोलले."

कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज झाला. टंकलेखक बाईंनी पेन टेबलावर ठेवलं होतं. पन्नाशीच्या, सौम्य, कधी मान वर न करणाऱ्या बाई. त्या अधीक्षकांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, मी बी सांगू का? माझं केबिनचं दार निघायच्या आधीचं हाय."

सुनंदाची नोकरी राहिली. लग्नही ठरल्या दिवशी झालं. अक्का हळदीला गेल्या आणि नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या, त्यानंतर तो त्यांना वाकून नमस्कार करताना मी बघितला. सरांना मात्र कुणी काढलं नाही. पेपरात यायला नको म्हणून विश्वस्तांनी 'समज' दिली. तीनेक महिन्यांनी सर स्वतःच गेले, गावात स्वतःचं हॉस्पिटल काढलं, फुलांची कमान लागली, आणि पुढे त्यांचे सत्कारही झाले. माझ्या पत्रात त्यांनी एकच ओळ लिहिली, की यांची उपस्थिती नियमित होती. पुण्याची जागा मिळाली नाही. आणि अक्कांची, शिस्तीच्या कारणास्तव, थिएटरमधून कपड्यांच्या भांडारात बदली झाली. कागदावर ती बढती होती.

"बढती दिली," अक्का सगळ्यांना सांगत सुटल्या. "आता माझ्या हाताखाली चादरीच चादरी हाईत. एक बी उलट बोलत न्हाय."

मी हॉस्पिटल सोडायच्या आधी भांडारात त्यांना भेटायला गेले. धुऊन आलेल्या चादरींचा ढीग पडला होता आणि अक्का एकट्याच घड्या घालत होत्या.

"अक्का, मी आधी खोटं बोलले."

"व्हय. ऐकलं की मी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला. लई आला. धर ते टोक."

पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं म्हणाल्या. मी चादरीचं टोक धरलं. आम्ही दोघी मागे सरायचो, चादर ताणायचो, पुढे यायचो. चार-पाच चादरी झाल्यावर मी विचारलं, "तुमच्या बाबतीत कधी असं...?"

अक्कांनी चादर झटकली. "बावीस वर्सांची हुतो. दुसऱ्या गावाला. तुझ्यासारखीच हात वर धरून हुबी ऱ्हायलेलो. थेटरात सात माणसं हुती. समद्यांनी बघितलं. एक बी बोललं न्हाय. मी बी न्हाय." मग माझ्या टोकाकडे बघून, "टोक जुळव की नीट. वाकडी जायालीया घडी."

मी टोक जुळवलं.

पाच-सहा वर्षांनी, म्हणजे अक्का निवृत्तीला आल्या तेव्हा, हॉस्पिटलात बायकांच्या तक्रारीसाठी समिती नेमायची असं वरून आलं. ही हकिगत मला सुनंदानं सांगितली. नेमणुकीचा कागद टाइप होताना 'लैंगिक छळ' हे शब्द लिहायला कारकून इतका लाजला की त्यानं 'वैयक्तिक छळ' लिहिलं. अक्का समितीत सदस्य होत्या. पहिल्या बैठकीत तक्रारपेटी आणली गेली, लाल रंगाची, कुलूपवाली, आणि ती अधीक्षकांच्या दाराशेजारी लावायचं ठरलं.

"हितं?" अक्का म्हणाल्या. "साहेबांच्या दारात? दिवसभर शिपाई बसतोय हितं. पोरगी चिठ्ठी टाकायला आली तर त्यो इचारंल, ताई, काय टाकताय? काडा ती."

पेटी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, आरशाशेजारी लागली. पहिल्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली: कॅन्टीनच्या चहात साखर कमी असते. दुसऱ्या आठवड्यात: हिरेमठ अक्का फार ओरडतात. अक्कांनी ती समितीपुढे स्वतः वाचून दाखवली आणि म्हणाल्या, तक्रार खरी हाय, नोंद करा. तिसऱ्या आठवड्यातली चिठ्ठी हसण्यासारखी नव्हती. ती एका शिकाऊ पोरीची होती. अक्कांनी नाव झाकून ती वाचली आणि बैठकीच्या खोलीला आतून कडी घालून म्हणाल्या, "चहा नंतर. हे आधी." या वेळी चिठ्ठीतला माणूस महिन्याभरात कामावरून गेला, आणि कमान-बिमान काही लागली नाही.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते रत्नागिरी रस्त्यावरच्या आमच्या मलकापुरात. तोवर मी गावी दवाखाना टाकला होता. एका सकाळी ओपीडी भरलेली असताना दारात मिनी बस थांबली आणि तिच्यातून दहा-बारा बायका उतरल्या. निवृत्त नर्सांची सहल रत्नागिरीला चालली होती. अक्का पुढे, केस पांढरे, पायांत कापशी गावच्या कातडी चपला, गुडघ्याला पट्टा. "पेशंट न्हाई मी," त्यांनी रांगेला बजावलं, "बाथरूम दाखवा." सगळ्या जणी आत-बाहेर करून पाणी पिऊन मोकळ्या होईपर्यंत माझी ओपीडी बंद पडली. पेशंट बायका मात्र खूश होत्या. दोघींनी तेवढ्यात त्या नर्सांकडून फुकट सल्ला घेतला.

अक्का माझ्या खुर्चीत बसल्या, फिरवून बघितली. "बरं हाय की," म्हणाल्या. मग हळूच सांगितलं, "समिंदर बघितला न्हाय मी अजून. पासष्ट वर्सं झाली. यजमान म्हणायचे, नेतो नेतो. गेले बिचारे न नेताच."

"घाबरू नका हं लाटांना," मी म्हणाले.

"मी? यव्वा! त्या समिंदरालाच इच्यार, घाबरतोस काय म्हणून."

बस निघाली. अक्का ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यानं लावलेल्या गाण्यावरून त्यांचं भांडण सुरू झालं होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. वळणावर समोरून एसटी आली, बस थांबली, मागे उसाचा ट्रॅक्टर अडकला आणि हॉर्न वाजायला लागला. खिडकीतून अक्कांचा हात बाहेर आला. बोटं पसरून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला दम दिला, मग एसटीला पुढे यायची खूण केली, मग सावकाश, अगदी सवडीनं, ट्रॅक्टरवाल्यालाही बोलावून घेतलं. सगळी वाहनं त्या हाताचं ऐकून मार्गी लागली. मग बस आंबा घाटाच्या दिशेनं गेली. हात अजून बाहेरच होता.